पाचही बाहेर आणि आमची लंबू कोपऱ्यात: इंदूरच्या एका बास्केटबॉल क्लासचा वर्षभराचा रिव्ह्यू

दर एप्रिलला सोसायटीच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, ताई तुमची मुलगी जाते ना त्या बास्केटबॉलला, कसा आहे क्लास, टाकू का आमच्यालाही? आणि दर वेळी मी "चांगलाय" लिहून मोकळी होते, कारण खरं उत्तर टाइप करायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात कुकरच्या चार शिट्ट्या होतात. यंदा तिघींनी विचारलं म्हणून एकदाचं लिहून टाकतेय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण माणसं वाईट नाहीत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये, मला फक्त ते पोरींना ज्या पद्धतीने खेळवतात त्याबद्दल बोलायचंय. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला एक अख्खा तारा दादाचा, दादा कोण ते पुढे येईलच.

आधी साध्या गोष्टी उरकते. कोर्ट सिमेंटचा पण वर रंगाचा थर नीट दिलेला, पाय घसरत नाही, पावसाळ्यात मात्र आठवड्याला दोन दिवस सुट्टी धरून चाला. पाण्याचा कूलर आहे, बाथरूम स्वच्छ (इंदूर आहे बाबा, तेवढं तर पाहिजेच). मुलींना सहा नंबरचा बॉल देतात, छोट्यांना पाच नंबरचा, आणि अगदी छोट्या बॅचसाठी रिंग खाली घेता येते, २.६० मीटरवर, हे मला फार आवडलं कारण मी इथल्याच दोन ठिकाणी सात-आठ वर्षांच्या पोरांना ३.०५ मीटरच्या रिंगवर सात नंबरचा बॉल मारताना बघितलंय, म्हणजे शॉट नाही तो, गोळाफेक आहे. उडी मारून खाली येताना गुडघे आत पडू द्यायचे नाहीत हे रोज वॉर्म-अपमध्ये घोटून घेतात. मुलींच्या गुडघ्याच्या लिगामेंटला मुलांपेक्षा जास्त धोका असतो, त्यामुळे ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी कुठलाही क्लास बघताना हे आधी बघा, बाकी सगळं नंतर. फी वर्षाची एकदम मागतात, तीन-तीन महिन्यांची पण घेतात पण ते स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. जर्सीचे पैसे वेगळे. परीक्षेच्या महिन्याचे पैसे परत मिळत नाहीत, मागायला जाऊ नका, मी गेले होते.

आता मुद्द्यावर.

मी स्वतः खेळलेय. नव्वदच्या दशकात, शाळेच्या सिमेंटवर, गुडघे सोलवटून. आठवीतच पाच फूट आठ इंच झाले होते. घरी आजीला काळजी की हिच्यासाठी मुलगा शिडी लावून शोधावा लागणार आणि शाळेत पीटीच्या सरांना आनंद की हिला रिंगखाली उभी केली की काम झालं. तेव्हाचा अटॅक म्हणजे एवढाच, लंबूला रिंगखाली उभं करा, बॉल वरून टाका, ती वर टाकेल, गेला तर गेला नाहीतर परत पकडून परत टाकेल. जिंकायचो आम्ही, खोटं कशाला बोलू. पण मला चार वर्षांत कुणी ड्रिबल, म्हणजे बॉल टप्पे देत पळवणं, शिकवलं नाही. उंची तिथेच थांबली, अर्धा इंचही वाढली नाही, कॉलेजच्या ट्रायलला गेले तर तिथे माझ्याएवढ्या चार जणी होत्या आणि त्या बॉल घेऊन पळत होत्या. माझा खेळ त्या दिवशी संपला. नंतर रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला कितीतरी मॅचेस स्टँडमध्ये बसून बघितल्या, खेळले नाही. आता सकाळी पोहे वाफेला लावले की मोबाईल ओट्यावर टेकवून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघते, अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे बरोबर डब्याच्या वेळेला लागतात.

तर लेक. तेरा वर्षांची, पाच फूट सात इंच, माझ्यावर गेलीये. तिला क्लासला टाकताना मी सरांना एकच म्हटलं होतं, हिला रिंगखाली गाडू नका. सर हसले, म्हणाले मॅडम, वो जमाना गया, हम फाइव्ह-आउट खेलते हैं. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे वर्षाची फी भरली.

फाइव्ह-आउट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पाचही खेळाडू तीनच्या रेषेबाहेर (जिच्या बाहेरून बॉल गेला तर दोनाऐवजी तीन पॉइंट), रिंगच्या पुढचा सगळा पट्टा मोकळा, जशी लग्नाच्या आदल्या रात्री सामान भिंतीला लावून मधली खोली रिकामी करतो तशी. एकीने पास दिला की ती रिंगकडे पळते, तिची जागा शेजारची भरते, पास-कट-फिल, पास-कट-फिल, चोवीस सेकंदांत कुठेतरी फट पडतेच. फट पडली तर ले-अप, म्हणजे पळत रिंगपाशी जाऊन अलगद टाकायचा, नाही पडली आणि समोरची लांब असेल तर तीनचा शॉट. मधल्या अंतरावरून मारायचंच नाही. सरांच्या व्हाइटबोर्डवर वर्षभर एकच गणित लिहिलेलं होतं, पुसलंच नाही कुणी: तीनचे १०० शॉट मारले आणि ३५ गेले तर १०५ पॉइंट, दोनचे १०० मारले आणि ५० गेले तर १००. म्हणजे तीनचाच मारा.

गणित बरोबर आहे. ३५ कुणाचे ते विचारायचं राहिलं.

पहिले तीन महिने छान गेले खरंच. हिला दोन्ही हातांनी ड्रिबल यायला लागलं, मान वर ठेवून, मला अजून येत नाही तसं. पास तर असे द्यायला लागली की घरी नवऱ्याच्या हातात रिमोट बरोबर जाऊन पडतो, त्याने हात पुढे केलेला नसतानाही. मग मॅचेस सुरू झाल्या.

टीम सांगते. एक छोटी आहे, डावखुरी, चार फूट दहा, पण बॉल घेऊन सुटली की मागे फक्त धूळ. एक चष्मेवाली, उभ्या उभ्या नेम छान, पाचांत तिचा एकटीचाच बॉल तीनच्या रेषेवरून नीट हाताने सुटून रिंगपर्यंत पोचतो. दोघी बहिणी आहेत रामबागेच्या, शॉट बेताचाच, पण डिफेन्सला अशा चिकटतात की समोरची रडकुंडीला येते. आणि आमची लंबू, म्हणजे लेक, पाय जरा जड, हात मात्र लोण्यासारखे मऊ, आणि कोण कुठे उभंय ते तिला आधी दिसतं. ही पाच माणसं डोळ्यांपुढे ठेवा आणि सांगा, यांना तीनचे शॉट मारणारी टीम कोण करेल?

नोव्हेंबरमधली एक मॅच, एका शाळेच्या ग्राउंडवर. समोरच्या टीमचे सर साठीचे असतील, डोक्याला मफलर, काही सिस्टीम-बिस्टीम नाही, दोन पुढे तीन मागे असा साधा झोन लावलेला, म्हणजे कुणाच्या मागे पळायचं नाही, आपापली जागा राखायची. आमच्या पोरी पाचही बाहेर. पहिल्या दोन मिनिटांत छोटी दोनदा आत घुसली, ले-अप, चार पॉइंट, आम्ही आया टाळ्या. मग त्या मफलरवाल्या सरांनी एकच वाक्य ओरडून सांगितलं, "अंदर रहो सब, बाहर से मारने दो!" संपलं. त्यांच्या पाचही पोरी रिंगपुढे दाटीवाटीने जाऊन उभ्या राहिल्या, राजवाड्यावर दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी, छोटीला घुसायला बोटभर जागा नाही. आमच्या पोरी बाहेर गोलगोल पास-कट-फिल करतायत आणि समोरच्या नुसत्या बघतायत, त्यांच्यामागे कुणी पळतच नाहीये. कट करून जाणार कुठे, आत तर जत्रा भरलीये.

मॅच संपेपर्यंत मी गॅसच्या पावतीच्या मागे आकडे मांडत बसले होते, सवय आहे. तीनचे २४ शॉट, आत गेले ३. त्यातले दोन चष्मेवालीचे आणि एक बोर्डावर आपटून चुकून गेलेला, जिने मारला तीच दचकली. म्हणजे २४ वेळा बॉल खर्ची घालून ९ पॉइंट. याच पोरींचे ले-अप आणि जवळचे शॉट निम्मे तरी जातात, तेच २४ जवळून मारले असते तर २४ पॉइंट झाले असते, सरांच्याच पद्धतीचं गणित आहे हे. हरलो ३४-१९. आणि लंबूच्या हातात बॉल आला ११ वेळा, अकराच्या अकरा वेळा डाव्या कोपऱ्यात, तिने आठदा परत दिला, तीनदा मारला. मारला म्हणजे कसा, ६.७५ मीटरवरून बॉल पोचत नाही म्हणून कमरेजवळून, दोन्ही हातांनी, विहिरीतून बादली ओढल्यासारखा. चार महिने दादाने जो हात सरळ केला होता तो त्या कोपऱ्यात परत वाकडा झाला. (बरोबर कोपऱ्यात रेषा थोडी जवळ येते म्हणतील कुणी, हो येते, ६.६०. पंधरा सेंटिमीटर. काय उजेड पडतो त्याने.)

घरी येताना गाडीत गप्प होती. पलासियाच्या सिग्नलला म्हणाली, आई, मी तिथे नसते तरी चाललं असतं ना.

मला चटकन माझं रिंगखालचं उभं राहणं आठवलं. आम्हाला रिंगखाली उभं केलं, हिला कोपऱ्यात उभं केलं. तीस वर्षांत सिस्टीम बदलली, लंबूच्या नशिबी उभं राहणंच.

दुसऱ्या दिवशी सरांना भेटले. भांडायला नाही, पोह्यांचा डबा घेऊन गेले होते, वरून घालायचा जिरावण मसाला वेगळा बांधून. म्हटलं सर, मोकळी जागा पाचजणी बाहेर उभ्या राहिल्याने तयार होत नाही ना, समोरचीला भीती वाटली तर होते. एनबीएतला तीनच्या शॉटचा बादशहा स्टेफ करी रेषेच्या दोन पावलं मागे उभा असला तरी त्याच्यापाशी माणूस ठेवावाच लागतो, म्हणून आत जागा होते. आमच्या रामबागेच्या बहिणी तिथे उभ्या असल्या तर समोरची म्हणते मार बाई, तुझंच घर आहे. सर म्हणाले मैडम, ह्यूस्टन देखा था आपने? देखा था सर, सगळा देखा था. एनबीएतली टीम, ह्यूस्टन रॉकेट्स, २०१७-१८ ला ६५ मॅचेस जिंकले, लीगच्या इतिहासात दोनच्या शॉटपेक्षा तीनचे शॉट जास्त मारणारी पहिली टीम. आणि वेस्टच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, फायनलच्या सातव्या मॅचमध्ये सलग २७ तीनचे शॉट चुकवले, एकूण ४४ मध्ये ७ गेले, ते पण हार्डनसारखा स्टार असताना, दुसरा स्टार क्रिस पॉल मांडीच्या दुखण्याने बाहेर होता ते मान्य. पण मला त्या टीमबद्दल सरांना सांगायचं होतं ते वेगळंच. त्यांचा लंबू होता क्लिंट कापेला. त्याला त्यांनी कोपऱ्यात उभा केला का? नाही. तो हार्डनला स्क्रीन द्यायचा, म्हणजे त्याच्या डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहायचा, आणि रिंगकडे सुटायचा, बॉल वरून यायचा, हा वरच्या वर आत टाकायचा, त्या सीझनला अख्ख्या लीगमध्ये शॉटची टक्केवारी सगळ्यात जास्त त्याची. ज्यांची कॉपी करताय त्यांनी पण आपल्या लंबूला काय येतं ते बघूनच काम दिलं होतं.

सर शांत ऐकत होते, पोहे खात होते, आणि मग त्यांनी जे म्हटलं त्याने मी रात्रभर जागी होते. म्हणाले, मैडम, अंडर-फोर्टीन में जीतना जरूरी नहीं है, सीखना जरूरी है. कल को इसकी हाइट यहीं रुक गई तो?

आता यावर काय बोलणार. माझंच आयुष्य माझ्यापुढे ठेवलं त्यांनी, त्यांना माहीत पण नव्हतं. मुलींची उंची बऱ्याचदा चौदा-पंधराच्या आसपास थांबतेच, आज जी टीममधली लंबू ती कॉलेजात मधल्या उंचीची होते, तेव्हा तिला बाहेर खेळता आलंच पाहिजे, ड्रिबल आलंच पाहिजे, शॉट आलाच पाहिजे. सर बरोबर होते. आणि तरीही काहीतरी चुकत होतं, आणि काय चुकत होतं ते मला डिसेंबरात कळलं, सर एका लग्नाला बाहेरगावी गेले तेव्हा.

आठवडाभर बॅच दादाने घेतली. दादा म्हणजे असिस्टंट, पस्तिशीचा, विद्यापीठाकडून खेळलेला, बोलतो कमी, शिट्टी पण क्वचित वाजवतो. मी त्या दिवशी गाडीत न बसता आत जाऊन बाकावर बसले, थंडी होती, शाल होती. दादाने लंबूला कोपऱ्यातून उचललं आणि फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाला आणून उभं केलं, ज्याला एल्बो म्हणतात तिथे. रिंगकडे पाठ. छोटीला म्हणाला, बॉल तिला दे आणि तू नुसती चालत राहा, घाई नको. छोटीने पास दिला, लंबूने दोन्ही हातांत बॉल डोक्यावर धरला, आता एवढ्या उंचावरून घेणार कोण. छोटी उजवीकडे बाहेर दोन पावलं गेली, तिची डिफेंडर तिच्यामागे, पास अडवायला जरा जास्तच पुढे वाकली, आणि छोटीने तिच्या पाठीमागून आत सूर मारला. लंबूने बघितलं पण नाही. कमरेजवळून, एक टप्पा, बॉल बरोबर छोटीच्या डाव्या हातात. ले-अप. कुणी काही बोललं नाही, नुसता जाळीचा आवाज.

दादा म्हणाला, फिर से.

वीस मिनिटं तेच. मग तीच गोष्ट बहिणींबरोबर, मग चष्मेवालीला लंबूच्या मागून वळसा घालून बाहेर काढली आणि लंबूने तिच्या हातात बॉल ठेवला, मोकळा तीनचा शॉट, टपाटप तीन गेले. तेच पाच खेळाडू, तोच कोर्ट. पोरी हसत होत्या, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. आणि रिंगपासची जागा, जी सरांना मोकळी हवी होती, ती मोकळीच होती, कारण लंबू रिंगखाली नव्हती, रिंगपासून लांब, वर उभी होती. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून ४.६० मीटर, तिथून तिचा शॉट एका हाताने नीट सुटतो, त्यामुळे समोरचीला तिच्याकडे यावंच लागतं, आली की मागे जागा झालीच. तिथे ती मॉडर्न पण होती आणि मोठी पण. पास, ड्रिबल, शॉट, सगळं शिकणं चालूच, फक्त आता तिला काम होतं.

एनबीएतल्या डेन्व्हरचा लंबू योकिच बघता का कुणी? पळताना बघा त्याला, आमच्या सोसायटीतले काका शुगर वाढली म्हणून संध्याकाळी फिरतात तसा पळतो. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवीन खेळाडू निवडतात त्यात, ४१ व्या नंबरला घेतला होता. डेन्व्हरवाले त्याला म्हणू शकले असते की बाबा रे जमाना वेगाचा आहे, कोपऱ्यात जा. त्याऐवजी त्यांनी बॉलच त्याच्या हातात दिला, त्याच एल्बोवर, आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती कट मारायला लावलं, २०२३ ला त्यांच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद. आमची लंबू काही योकिच नाही, उगाच आई म्हणून फुगवत नाहीये, पण जागा तीच.

आणि कुणी म्हणेल मग हीच सिस्टीम सगळ्यांना लावा, तर ते पण नाही. दादा जे करत होता त्याला प्रिन्स्टन म्हणतात, अमेरिकेतल्या त्या नावाच्या कॉलेजवरून. त्या कॉलेजचे कोच होते पीट कॅरिल, पोरं हुशार पण फार उंच नाहीत, फार उड्या मारणारी नाहीत, आणि १९९६ ला या डोक्याच्या खेळावर त्यांनी कॉलेजांच्या स्पर्धेत आदल्या वर्षीच्या चॅम्पियन यूसीएलएला ४३-४१ हरवलं, शेवटचा बास्केट असाच, पाठीमागून कट. बरं. मग २०१२ ला एनबीएतल्या लॉस एंजेलिस लेकर्सने हीच सिस्टीम घेतली. खेळाडू कोण, कोबी, नॅश, ड्वाइट हॉवर्ड, पाऊ गसोल, सगळे स्टार. पाच मॅचेस, चार हरले, कोचची नोकरी गेली. नॅश अख्खी कारकीर्द हातात बॉल घेऊन पिक अँड रोल (कापेला-हार्डन करायचे तेच) खेळलेला माणूस, त्याला सांगितलं तू पास दे आणि बाजूला पळ. मग डँटोनीला कोच म्हणून आणलं, त्याची सिस्टीम भन्नाट वेगाची, तर आता गसोलचं जमेना, चांगला पोस्टवरचा, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, माणूस रिंगपासून लांब नेऊन ठेवला. एकच टीम, दोन नावाजलेल्या सिस्टीम, दोन्ही अंगाला बसल्या नाहीत, सीझन ४५-३७ वर (४५ जिंकल्या, ३७ हरल्या) संपला आणि पहिल्याच राऊंडला ४-० ने घरी. रेडिमेड ब्लाउजसारखं आहे हे, दुकानात पुतळ्यावर सुरेख दिसतो, खांदा आपला आहे.

उलट स्टीव्ह कर बघा, २०१४ ला गोल्डन स्टेटला, करीच्या टीमला, कोच म्हणून आला. शिकागोत फिल जॅक्सनच्या हाताखाली खेळलेला, सॅन अँटोनियोत पॉपोविचच्या. दोघांकडचं थोडं थोडं उचललं पण आधी बघितलं की माझ्याकडे कोण आहेत, करी आणि क्ले बॉलशिवाय पळाले तरी समोरचे घाबरतात, ड्रेमंड मोठा असून पास देतो. त्यावरून शिवलं. पहिल्याच वर्षी ६७-१५ आणि ट्रॉफी.

लग्नाहून सर परत आले, दादाने त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण जानेवारीपासून मंगळवार हा हाय-पोस्टचा, म्हणजे त्या एल्बोवरच्या खेळाचा, दिवस झाला. सरांचा मोठेपणा म्हणेन मी, ऐकून घेणारे कोच कमी असतात, आमच्या वेळी पीटीच्या सरांना आईने असं काही सांगितलं असतं तर मला पुढच्या मॅचला पाणी वाटायला ठेवलं असतं. फेब्रुवारीतल्या स्पर्धेत दोन मॅचेस लंबूला एल्बोवरून खेळवलं, एक जिंकलो, एक दोन पॉइंटने हरलो, तिच्या पासवरून झालेले बास्केट मी पावतीवर मोजले, पहिल्या मॅचला सात. तिसऱ्या मॅचला परत फाइव्ह-आउट. का? कारण त्या दिवशी क्लासच्या इन्स्टासाठी शूटिंग होतं.

हे गमतीत घेऊ नका, हे खरं कारण आहे. त्यांच्या पेजवरच्या रील्स बघा, सगळे तीनचे शॉट, स्लो मोशन, मागे पंजाबी गाणं. एल्बोवरून टप्पा पास देणाऱ्या मुलीची रील कुणी करत नाही, तो पास तर कॅमेऱ्याला दिसतच नाही धड. आणि रील बघून नवीन ॲडमिशन येतात आणि नवीन आईवडील पहिल्या दिवशी विचारतात, सर थ्री कब सिखाएंगे? मी दोन वेळा माझ्या कानांनी ऐकलंय, पोरगं नऊ वर्षांचं. तर सरांना तरी किती दोष द्यायचा, त्यांना भाडं भरायचंय. पण मग "सीखना जरूरी है" म्हणू नका, एवढंच.

तुमच्या पोरांबद्दल विचारलं होतं ना, तर ज्यांचं मूल चपळ आहे, बुटकं आहे, बॉल हातात आला की सोडत नाही, त्यांनी डोळे मिटून घाला, छोटीसारखी पोरं इथे सोनं होतात, ड्रिबलचा पाया इतका पक्का मी शहरात दुसरीकडे बघितला नाही. नेम चांगला असलेल्यांनी पण घाला. उंच मुलं असतील तर घालायच्या आधी एक मॅच बघायला जा, प्रॅक्टिस नाही, मॅच, आणि बाकी काही बघू नका, त्यांच्या टीममधल्या सगळ्यात उंच मुलाच्या हातात बॉल कुठे येतो आणि आल्यावर तो काय करतो तेवढं बघा. पावती न्या मागे लिहायला. ज्यांच्या मुलाला फक्त वजन कमी करायचंय त्यांनी एवढी फी भरू नका, मेघदूत गार्डनला पळवा.

आम्ही? या वेळी वर्षाची नाही, तीन महिन्यांची भरली. संध्याकाळची बॅच सोडून सकाळी सहाची घेतली, ती दादा घेतो. मुलगी साडेपाचला स्वतः उठते, ज्या मुलीला शाळेसाठी तीनदा हाक मारावी लागते ती. एनबीए आता मला परत आल्यावर उरलेली बघावी लागते पण ठीके. आणि सहाच्या बॅचला गाडी लावायला जागा पण मिळते.